रेवताच्या नावाचं रक्त

"सलामे, रेवता!"

"ओ," मी म्हणाले आणि स्टुलावर जाऊन बसले.

माझं नाव शेवंता उईके. खरी रेवता सलामे माझ्या मागे, पाण्याच्या टाकीआड, दोन्ही हात काखेत खुपसून उभी होती. पौषातली सकाळ होती. आमच्या मुलींच्या आश्रमशाळेपासून तलाव दोन बांध्या, म्हणजे धानाची दोन शेतं, दूर, पण त्या दिवसांत धुकं तलावावरून उठून थेट व्हरांड्यात येऊन बसायचं. टेबल, काचेच्या पट्ट्या, स्पिरिटची बाटली, सगळंच अर्धं दिसत होतं. रक्त तपासायला आलेल्या माणसाने मफलर डोळ्यांपर्यंत ओढला होता.

"हात."

मी डावा हात पुढे केला. त्याने करंगळीशेजारचं बोट धरलं, कापसाने पुसलं आणि टोचलं. एक थेंब वर आला. थोडं काचेवर, थोडं नळीत, आणि नळीवर चिकटपट्टी. चिकटपट्टीवर त्याने लिहिलं, सलामे रेवता, सातवी. शिंप्याचं लक्ष सुईवर असावं तसं त्याचं सगळं लक्ष माझ्या बोटावर होतं. चेहऱ्याकडे त्याने पाहिलंच नाही.

"दाबून धर. पुढची."

सोळा मुलींनंतर त्याने "उईके, शेवंता!" अशी हाक मारली, तेव्हा मी पुन्हा जाऊन बसले आणि उजवा हात पुढे केला. पुन्हा तसंच बोट, तसाच थेंब. निळा फ्रॉक, तेल चोपडलेल्या दोन वेण्या, लाल रिबिनी. आम्ही ऐंशी मुली अशाच होतो. मी मागे वळून पाहिलं तर धुक्यात टाकी होती आणि टाकीच्या कडेने रेवताचा एक डोळा हसत होता.

हे ठरलं होतं आदल्या दिवशी, भांडी घासताना.

"मी नाई देत रगत," रेवता म्हणाली होती.

"कुथेबाई सोडतेत का? सगळ्याइचंच घेऊन राह्यले," मी म्हणाले. कुथेबाई आमच्या अधीक्षिका.

"माह्या भावाले अशीच सुई टोचली होती, दवाखान्यात. सकाळी सुई टोचली आन् संध्याकाळी तो मेला." राखेने भरलेले हात तिने पोटाशी धरले. "मी नाई. तू जाय माह्या नावानं. तुले कोन वळखते?"

रेवताचा भाऊ मेला तेव्हा ती सात वर्षांची होती. त्याचे हातपाय दुखायचे, डोळे पिवळे असायचे एवढंच तिला आठवत होतं. बाकी सगळी त्या सुईची करणी, याबद्दल तिची खात्री होती.

"मले काय देशीन?" मी विचारलं.

"तांदूळ. रोज एक मूठ."

आता इथे मला माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मला त्या वयात कच्च्या तांदळाचं वेड होतं. वेड म्हणजे वेडच. वर्गात बसलेली असताना एकाएकी तोंडात पाणी यायचं आणि तांदूळ कटकन दाताखाली फुटल्याचा आवाज कानात घुमायचा. तांदूळ नसले तर मी भिंतीचे पोपडे काढून चघळायची. नवीन सारवलेल्या जमिनीचा वास आला की मला तिथेच आडवं पडून ती चाटावीशी वाटायची. सगळ्या पोरी चिडवायच्या, "तांदूळ खाल्ले की लग्नात पाऊस येते. शेवंताच्या लग्नात तं पूरच येईन." रेवताची पाळी कोठीत तांदूळ निवडायची असायची. तिच्या फ्रॉकच्या खिशात माझा स्वर्ग होता.

आणि दुसरं म्हणजे, मी सदा थोडी तरंगत असायची. जिना चढले की जिना माझ्या पायाखालून हळूच मागे सरकायचा. माणसं बोलायची ते तलावाच्या पलीकडून बोलल्यासारखं ऐकू यायचं. डोळे मिटले की काळे ठिपके पाखरांच्या थव्यासारखे उठायचे, आणि मी ते उडून जाईपर्यंत आनंदाने बघत बसायची. गुरुजी म्हणायचे, "ही पोरगी स्वप्नाळू आहे." मला त्याचा अभिमान होता. जग सगळ्यांनाच असं मऊ आणि लांब दिसत असेल, असंच मला वाटायचं.

"घे शप्पत," रेवता म्हणाली होती.

"कोनाची?"

"माही."

मी राखेच्या हाताने तिच्या गळ्याला चिमटा लावला. "तुही शप्पत, कोनाले नाई सांगन."

शपथ मोडली तर जिची घेतली ती मरते. हे आम्हाला शाळेत कोणी शिकवलं नव्हतं, शिकवायची गरजही नव्हती. मोडायची असेल तर एकच वाट. जिची शपथ, तिने आपल्या तोंडाने म्हणायचं, "सुटली."

आठवड्याने याद्या आल्या. कुथेबाई मोठ्या जाड बाई, आवाज त्याहून जाड. त्यांनी प्रार्थनेनंतर याद्या वाचल्या. पहिली यादी लांब होती, लोह कमी असलेल्यांची. त्यांना जेवणानंतर लाल गोळी. दुसरी यादी चार जणींची, सिकलसेल हा रक्ताचा आजार निघालेल्यांची. त्यांना जास्तीचं घोंगडं, पहाटेच्या थंड पाण्याच्या आंघोळीतून सुटका, विहिरीचं पाणी ओढायचं नाही, आणि अंग दुखलं की ताबडतोब सांगायचं.

रेवता सलामे पहिल्या यादीत होती. तिच्या नावापुढे आणि माझ्या नावापुढे हिमोग्लोबिनचा एकच आकडा होता, सात पूर्णांक दोन.

"काय गं, जुळ्या आहात का दोघी?" कुथेबाई म्हणाल्या, आणि मग रेवताकडे पाहून त्यांचा आवाज जरा खाली आला. "मला तुझीच काळजी होती पोरी. दर हिवाळ्यात तुझे हातपाय दुखतात. मला वाटलं होतं, सिकल निघते की काय. बरं झालं, सुटलीस."

रेवता इतकी हसली की तिला उचकी लागली.

दुपारी तिने आपली लाल गोळी माझ्या तळहातावर ठेवली. "तुह्या रगताची गोळी हाये. तूच खाय."

मला ते अगदी न्यायाचं वाटलं. मी दोन दोन गोळ्या खात होते आणि वर मूठभर तांदूळ. माझ्याइतकी सुखी मुलगी त्या तालुक्यात नसेल.

संक्रांतीच्या आठवड्यात थंडी वाढली. तलावावर दूरदेशीची बदकं उतरली होती, धुक्यात ती दिसायची नाहीत, नुसती बोलायची. पहाटे आम्ही हौदावर रांगेने उभ्या राहायचो आणि डोक्यावर तीन तांबे घ्यायचो. त्या चौघी मात्र घोंगड्यात बसून आमची मजा बघायच्या.

दुसऱ्या दिवशी रेवताच्या बोटांचे सांधे सुजले. तिसऱ्या दिवशी ती रांगेत उभी असताना खाली बसली.

"बाई, माहे हाडं दुखून राह्यले."

"रिपोर्ट साफ आहे तुझा," कुथेबाई म्हणाल्या. रागाने नाही, समजावून सांगावं तशा म्हणाल्या. "थंडी सगळ्यांनाच वाजते. ऊठ बाळा."

ती उठली. तीन तांबे घेतले. चौथ्या दिवशी सकाळी ती पाय पोटाशी घेऊन गादीवर पडली होती, ओठ पांढरे आणि डोळ्यांचा पांढरा भाग हळदीच्या पाण्यासारखा. तिने माझी वेणी मुठीत धरली होती आणि ती काही केल्या सुटेना. म्हणून शाळेच्या जीपमध्ये तिच्याबरोबर मलाही बसवलं.

त्या जीपचा प्रवास मला अजून स्वप्नात दिसतो. दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाच्या बांध्या, मधे धुकं, आणि गाडी जणू जागची हलतच नव्हती, झाडंच आमच्याकडे चालत येत होती. रेवताचं डोकं माझ्या मांडीवर होतं. खड्डा आला की ती ओरडायची नाही, फक्त माझी वेणी आवळायची.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर लांजेवार म्हणून बाई होत्या. केस पांढरे, पायात मोजे आणि चपला. त्यांनी रेवताचं पोट उजव्या बाजूला दाबलं तशी ती किंचाळली.

"सिकल आहे का हिला?" त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला.

"नाही," कुथेबाईंनी पर्समधून यादी काढली. "महिनाही झाला नाही तपासून. हे बघा."

डॉक्टरांनी यादी दोनदा वाचली. कपाळ चोळलं. "सिकल असती तर मी हे पोट कापू दिलं नसतं. अशा वेळी भूल दिली तर जिवावर बेतू शकतं. पण सिकल नाही, मग हे अपेंडिक्सच दिसतंय. फुटायच्या आत काढायला हवं. दोन वाजता गाडी येईल, जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवते. आजच ऑपरेशन होईल."

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले होते. कुथेबाई रेवताच्या गावाकडे निरोप पाठवायला टपाल कार्यालयातल्या फोनकडे गेल्या. खाटेपाशी मी आणि रेवता उरलो.

"रेवता," मी तिच्या कानाशी वाकले. "सुटली म्हन."

तिने मान हलवली. नाही.

"म्हन ना व. तुहं पोट कापतेत."

"मंग थे सुई टोचतीन."

"पोट कापाले काय भाकरीचा तुकडा लागते का? थेबी सुईच होय!"

"सुटली नाई," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. "तू शप्पत घेतली."

मी खाटेच्या दांडीला धरून उभी राहिले. सांगितलं तर शपथ मोडते आणि रेवता मरते. नाही सांगितलं तर पोट कापतात आणि रेवता मरते. मधली वाट फक्त तिच्या तोंडात होती आणि तिने तोंड मिटलं होतं. आणखी एक गोष्ट होती, तीही लपवत नाही. आमच्या टोल्यातून, त्या लहानशा वस्तीतून, सातवीपर्यंत आलेली मी पहिली मुलगी. खोट्या नावाने रक्त दिलं हे कळलं तर मला घरी पाठवतील, याची मला भीती वाटत होती. पहिल्या भीतीइतकीच ही भीतीही मोठी होती. मला त्याची आजही लाज वाटते.

घड्याळाचा काटा मला वाचता येत होता, पण आवाज ऐकू येत नव्हता. काळे ठिपके उठले. नेहमीप्रमाणे ते उडून जाईपर्यंत बघत बसावं असं वाटलं. बाहेर आवारात एक बाई बाळाला उन्हात तेल लावत होती, ते बाळ हसत होतं, आणि सगळं इतकं लांब, इतकं शांत होतं की तिथेच कायमचं उभं राहता आलं असतं. तेवढ्यात रेवताच्या मुठीतून माझी वेणी सुटली. चार तासांत पहिल्यांदा. तिच्या हातात धरण्याइतकं बळ उरलं नव्हतं.

मी धावत डॉक्टरांच्या खोलीत गेले. धावले म्हणजे मला तसं वाटलं. दारात पोचेपर्यंत माझा श्वास संपला आणि मी चौकटीला धरून खाली बसले.

"काय झालं? ती बरी आहे ना?"

"थे रगत," मी म्हणाले. "यादीतलं. थे तिचं नोहे. माहं होय. दोन्ही माहेच होत."

डॉक्टर लांजेवार ताडकन उठल्या. खुर्ची मागे सरकली. मला हाताला धरून त्यांनी उठवलं, माझ्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, आणि मग ट्रे उचलून खाटेकडे निघाल्या.

रेवताने सुई पाहिली. तिने उठायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही. मग तिने डॉक्टरांकडे पाहिलं आणि माझ्याकडे बोट केलं.

"रेवता थे होय," ती म्हणाली. "मी शेवंता. तिचं घ्या. थे देते."

ती चाल नव्हती. ती मला बोलावत होती, भांडी घासताना बोलावलं होतं तसं. आणि मी म्हणाले, "नाही बाई. मी शेवंता. रेवता हीच होय."

ती माझ्याकडे बघत राहिली. सुई टोचली तेव्हाही डॉक्टरांकडे नाही, माझ्याकडेच बघत होती.

डॉक्टरांनी दोन नळ्या घेतल्या. एकीत माझा थेंब, एकीत तिचा. दोन्हींत कसलंसं पाणी घातलं आणि टेबलावरच्या वर्तमानपत्रापुढे धरल्या. थोडा वेळ गेला.

"वाच," त्या मला म्हणाल्या.

माझ्या नळीतून मला पलीकडचं अक्षर अन् अक्षर दिसलं, धानाच्या भावाची बातमी होती. रेवताच्या नळीतून काहीच दिसेना. तलावावर सकाळी असतं तसं धुकं होतं.

"सिकल आहे," डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी दारातून मोठ्याने हाक मारली, "जिल्ह्याची गाडी नको! सलाइन लावा, घोंगडी आणा, दोन, तीन, असतील तेवढी. ऑक्सिजन आणा. अंग गरम ठेवा हिचं."

दुपार झाली. रेवताला झोप लागली. कुथेबाई खाटेपाशी तिचे पाय चोळत बसल्या होत्या आणि रडत होत्या. "मी तिला उठवलं गं," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "मी तिला हौदावर उठवलं." मला त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

डॉक्टरांनी मला आत बोलावलं आणि सूक्ष्मदर्शकावर वाकायला सांगितलं.

"हे तुझं रक्त."

काचेखाली गोल गोल पेशी होत्या, लहानलहान, मधे फिक्या, नुसती कड तेवढी गुलाबी.

"आणि हे तिचं."

तिच्यातही गोल पेशी होत्या. पण मधे मधे लांब, टोकदार, वाकलेल्या. धान कापायचे विळे कोणी पाण्यावर सोडून द्यावेत तशा.

"दोघीही पांढऱ्याफटक," डॉक्टर म्हणाल्या. "लोक म्हणतात, अंगात रक्त कमी. पण कमी असण्याची कारणं पुष्कळ. कोणाच्या पोटात जंत, कोणाच्या खाण्यात कमी, कोणाचं जन्मापासून वेगळं. रक्तात टोपल्या असतात असं समज. तुझ्या टोपल्या चांगल्या आहेत, पण भरायला माल नाही. लोह नाही. गोळ्या खा, भाजी खा, सहा महिन्यांत भरतील. तिच्या टोपल्याच वेगळ्या. थंडी लागली, पाणी कमी पडलं की त्या वाकतात आणि अरुंद वाटेत अडकून बसतात. म्हणून दुखतं. तिला तुझ्या गोळीने काही होणार नाही. तिला जपावं लागेल, जन्मभर." मग त्यांनी चष्मा काढला. "तू माती खातेस की तांदूळ?"

माझा हात आपोआप फ्रॉकच्या खिशावर गेला.

"तांदूळ," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "तेही त्यातलंच. गोळ्या लागू पडल्या की सुटेल."

रेवता बारा दिवसांनी शाळेत परत आली. तिला दुसऱ्या यादीत घातलं, घोंगडं मिळालं. मला घरी पाठवलं नाही. कुथेबाईंनी नुसतं एवढंच केलं, की पुढच्या तपासणीला स्वतः टेबलाशी उभ्या राहिल्या आणि प्रत्येकीची हनुवटी वर करून नाव विचारलं. आज मी एका प्रयोगशाळेत रक्त तपासायचं काम करते. माझ्या हाताखालच्या पोरी हसतात, कारण मी अजून हनुवटी वर करते.

पण रेवता माझ्याशी बोलेना. तिची खाट माझ्या खाटेला लागून होती, तरी ती भिंतीकडे तोंड करून झोपायची. एक दिवस नाही, आठ दिवस नाही, सव्वा महिना. आणि त्या सव्वा महिन्यात मी रोज सकाळी डोळे उघडले की आधी तिचं घोंगडं वरखाली होतंय का ते बघायची. कारण शपथ मोडली होती. डॉक्टर काहीही म्हणोत, सलाइनने शपथ सुटत नाही.

याच दिवसांत माझं धुकं विरायला लागलं. गोळ्या लागू पडत होत्या. जिना जागच्या जागी राहू लागला. बदकं तलावावरून निघून गेली त्या दिवशी मला त्यांच्या पंखांचा आवाज व्हरांड्यातून स्पष्ट ऐकू आला, आणि मी दचकले. सगळ्या गोष्टींना कडा आल्या होत्या. कुथेबाईंच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण आहेत हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. मला त्या मऊ, लांबच्या जगाची आठवण यायची, आणि स्वप्नाळू मुलगी असं आता कोणी म्हणणार नाही याचं वाईटही वाटायचं.

होळीच्या दोन दिवस आधी, दुपारच्या सुट्टीत मी खाटेवर बसून फाटका फ्रॉक शिवत होते. रेवता आली. माझ्यासमोर उभी राहिली. सुई पाहून तिने क्षणभर नजर वळवली, मग खिशात हात घातला आणि मूठ माझ्यापुढे उघडली.

तांदूळ. निवडलेले, स्वच्छ, एकही खडा नाही.

मी त्यांच्याकडे पाहिलं. तोंडाला पाणी आलं नाही. कानात काही वाजलं नाही. ते नुसते तांदूळ होते. डॉक्टरांचं खरं झालं होतं, आणि मला ते कधी झालं ते कळलंही नव्हतं.

"घे ना," ती म्हणाली.

मी सुई बाजूला ठेवली आणि तिच्या तळहातावरून चिमूट उचलून तोंडात टाकली. दाताला कडक लागले, चव कसलीच नव्हती. मी दुसरी चिमूट घेतली. मग तिसरी. ती मन लावून माझं तोंड बघत होती.

"गोड लागतेत का?"

"लगित गोड," मी म्हणाले.

मी सगळे खाल्ले, शेवटचा दाणाही. तिने रिकामा हात फ्रॉकला पुसला आणि तोच हात माझ्या गळ्याला लावला.

"सुटली," रेवता म्हणाली.